पट्ट्याची बदनामी

गार्नेट पेलीच्या दुकानात छताच्या आकड्यांना बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबील गाड्यांचे रबरी पट्टे टांगलेले होते. मार्लिस एन्क्विस्ट त्यातल्या दोन पट्ट्यांखाली मान वर करून उभी होती. एकाची बर्फ रेटणारी पाती अडीच इंच उंच, दुसऱ्याची तीन. लांबी तीच, रुंदी तीच, काळा रंगही तोच. फरक काय तो अर्ध्या इंचाचा. पण टॅमरॅक गावात या अर्ध्या इंचावरून भाऊ भावाशी बोलेनासे झाले होते.

तिचा जुना पट्टा गेल्या वसंतातच संपला होता. म्हाताऱ्याच्या तोंडातले दात जावेत तशी त्याची मधली पाती गेली होती. आता ऑक्टोबर सरत आला होता, वरच्या सुळक्यांवर पांढरं दिसायला लागलं होतं, आणि निर्णय आणखी लांबवण्यात अर्थ नव्हता.

"तीन इंची घे," गार्नेट म्हणाला. "गुडघाभर बर्फात सगळेच शूर. कमरेइतका भुसभुशीत पडला, की अडीचवाले खाली उभे राहून आमचे फोटो काढतात."

"ऑरिन म्हणतो अडीच घे."

"ऑरिन म्हणतो! तुझं लग्न त्याच्याशी झालंय काय?"

"त्याच्याबरोबर डोंगरावर जाते मी. लग्न त्यापेक्षा सोपं असतं."

गार्नेट हसला, पण फार नाही. फडक्यानं हात पुसत तो शिडीवरून खाली उतरला. "काय म्हणतो तरी काय तो? सांग, मलाही कळू दे."

"म्हणतो, माझं इंजिन जुनं. तीन इंची पाती ओढताना त्याची छाती फुटेल. आणि ती पाती गाडीला वर उचलत नाहीत, खाली खणत जातात. एकदा चर पडला की बसा."

"इंजिनाचं मी बघून देतो, ते ओढेल. वर इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलरला पाती घासणार नाहीत, तेही मोजून देतो. आणि चराचं म्हणशील, तर अंगठ्यानं वेगाचा खटका दाबून धरला आणि अंग मागे टाकलं, की अडीच इंचीसुद्धा चर खणते. चर माणूस पाडतो, पट्टा नाही."

मार्लिसनं त्याच्याकडे नीट पाहिलं. गार्नेटच्या बोलण्यात त्याचा स्वार्थ होता आणि तो तिला दिसत होता. मागच्या भिंतीशी तीन इंची पट्ट्यांची चांगली चळत लागली होती.

"तुझे खपत नाहीयेत म्हणून गळ्यात मारतोयस."

"खपत नाहीयेत, खरंय," गार्नेटनं लगेच कबूल केलं. "का खपत नाहीत? तुझ्या ऑरिनमुळे. मार्चपासून जो भेटेल त्याला सांगत सुटलाय, तीन इंची म्हणजे थडगं. चांगला चढणारा माणूस म्हणून लोक त्याचं ऐकतात. पण मला एक सांग. पट्टा इतका वाईट, तर अजून त्याच्या स्वतःच्या गाडीखाली तोच कसा?"

मार्लिसनं वर टांगलेल्या पट्ट्यांकडे पुन्हा पाहिलं.

"एप्रिलमध्ये मी त्याला म्हटलं, आण परत, अडीच इंची बसवून देतो. जुन्या तीन इंचीला माझ्याकडे गिऱ्हाईक उभं होतं. 'बघतो' म्हणाला. अजून बघतोय. दुखरा दात कोणी तोंडात जपून ठेवतं का?"

"उद्या सांगते," मार्लिस म्हणाली आणि बाहेर पडली.

लाकूड वाहणाऱ्या ट्रकांचे ब्रेक तपासणं ही तिची नोकरी. दिवसभर ती ड्रायव्हरांच्या हकिगती ऐकायची आणि मग ट्रकाखाली शिरून खरं काय ते बघायची. माणसांविषयी तिचं मत त्यामुळे फारसं चांगलं राहिलं नव्हतं. ऑरिन बाबियाकला मात्र तिनं कधी ट्रकाखाली शिरून तपासलं नव्हतं. त्याची गरजच वाटली नव्हती.

घराकडे न जाता तिनं गाडी नदीकाठच्या रस्त्याला लावली आणि मार्चचा तो दिवस पुन्हा एकदा उलगडला.

डोंगराच्या माथ्याखाली एक मोठी खोलगट जागा आहे. सोनं धुवायच्या परातीसारखी दिसते, म्हणून सगळे तिला परात म्हणतात. तीन बाजूंनी उभे उतार, आणि तळाशी हिवाळ्यात असा बर्फ की माणूस छातीपर्यंत आत जातो. त्या दिवशी मार्लिसच्या गाडीचा क्लचचा बेल्ट तुटला, म्हणून ती खालच्या लाकडी झोपडीपाशी थांबली होती. ऑरिन एकटा वर गेला. वर आधीच अल्बर्टा प्रांतातून आलेली चौघांची टोळी होती. त्यातल्या एकानं उतार आडवा कापला, आणि उतारावरचा बर्फ सुटून त्याच्यावर कोसळला.

मार्लिसनं ते रेडिओवर ऐकलं. गाडलेल्या माणसाच्या सर्वांत जवळ ऑरिन होता. अल्बर्टाची माणसं परातीच्या पलीकडच्या टोकाला होती. ती ओरडत होती, "तू जवळ आहेस, तू जा!" आणि ऑरिनचा आवाज पुन्हा पुन्हा येत होता, "गाडी चरात बसलीय. निघत नाहीये. बसलीय."

शेवटी पलीकडची माणसंच परात ओलांडून आली. त्यांनी छातीवर बांधलेल्या, इशारा पाठवणाऱ्या बीकनच्या टुकटुकीवरून सोबत्याला शोधलं आणि उकरून काढलं. त्याचे ओठ निळे पडले होते, पण तो जगला. त्या संध्याकाळी क्लबच्या हॉलमध्ये ऑरिन सगळ्यांना सांगत होता: या तीन इंची पट्ट्यानं घात केला. कोणी त्याला दोष दिला नाही. गाडी कोणाचीही बसते.

डोंगरावर हेलिकॉप्टर येतं ते उचलून न्यायला. उकरायला बरोबरचं माणूस लागतं. म्हणून इथे माणसं नवरा-बायको निवडताना करत नाहीत एवढा विचार डोंगरावरचा सोबती निवडताना करतात.

आणि मार्चच्या त्या दिवसानंतर ऑरिन तिला टाळायला लागला होता. बाकीच्या हिवाळ्यात मार्लिसनं रविवारी विचारलं, की त्याचं काहीतरी निघायचं. पण मंगळवारी, बुधवारी तो परातीत जाऊन आलेला असायचा. "अगं, काय बर्फ होता! तू कामावर होतीस." एकटा जाऊ नये हा नियम त्यानंच तिला शिकवला होता. मग कोणाबरोबर जात होता? तिला वाटायचं, त्याला नवा सोबती मिळालाय. जोरदार गाडीचा, तरणा कोणीतरी. आणि आता हा अडीच इंचीचा आग्रह. अडीच इंची घेतली की तिच्या जुन्या इंजिनावर परातीच्या वरच्या कडेला ती पोचणार नव्हती. म्हणजे तिला न दुखवता खाली ठेवायची ही सोय होती. मार्लिस त्याच्या घराकडे वळली.

ऑरिन शेडमध्ये मूस हरणाच्या मांसाचे सॉसेज धुरावर टांगत होता. तिला बघताच म्हणाला, "आलीस? वासानं आलीस का मैत्रीनं?"

"वासानं. मैत्रीला हल्ली सुट्टी दिलीय तू."

"घ्या! सुरू झालं हिचं." त्यानं सॉसेजचा तुकडा कापून तिच्या हातावर ठेवला. "घेतलास का पट्टा?"

"गार्नेट तीन इंची म्हणतोय."

"तो म्हणणारच. पडून आहेत त्याच्याकडे." मग तो बोलायला लागला. इंजिनाची ताकद, पात्यांचं वजन, वसंतातला ओला बर्फ, चर. मार्लिस चावत ऐकत होती. सगळं बरोबर होतं, पण फार होतं. ट्रक ड्रायव्हर ब्रेकविषयी एवढं बोलायला लागला, की ती आधी चाकाकडे बघायची.

शेडच्या कोपऱ्यात त्याची गाडी ताडपत्रीखाली होती. ताडपत्री खालून दोरीनं बांधलेली. शेडमध्ये, छपराखाली, दोरीनं.

"उंदीर," तिची नजर बघून ऑरिन म्हणाला. तिनं विचारलं नव्हतं.

"कॉफी देशील?"

तो घरात गेला. मार्लिसनं दोरीची गाठ सोडली, मागची बाजू उचलली आणि गुडघ्यावर बसली.

खोल बर्फात चालणारा पट्टा नव्यासारखा राहतो. बर्फ मऊ असतो, थंड असतो, तो पात्यांना काही करत नाही. दोन हिवाळे गेले तरी कडा बोटाला लागतात. ऑरिनच्या पट्ट्याची पाती वाकून एका बाजूला झोपली होती. कडा गोल झाल्या होत्या. काहींच्या मुळाशी चिरा गेल्या होत्या. उंच पाती दाबलेल्या, कडक वाटेवर पळवली की अशी होतात. टोकांवर भार येऊन ती दुमडतात आणि तापतात. तिनं बोट आत घालून पट्टा ज्यांच्यावरून घसरतो त्या प्लास्टिकच्या पट्ट्या चाचपल्या. जानेवारीत त्या नव्या बसवल्या होत्या, तिनंच स्क्रू धरले होते. थंडावायला सैल बर्फ मिळाला नाही की त्या वितळतात. या वितळून लोखंडाला टेकल्या होत्या.

गावापासून झोपडीपर्यंतची वाट रोलर फिरवून दाबलेली असते. कडक वाट तेवढीच. त्यापुढे परातीपर्यंत सगळा मऊ बर्फ. परातीत जाणाऱ्यालाही कडक वाट लागतेच, हे मार्लिसनं हिशेबात धरलं. पण तेवढ्यानं असं होत नाही. गार्नेटच्या तीन इंची पट्ट्याचं झालं नव्हतं. हा पट्टा मार्चनंतर झोपडीपर्यंत जात होता आणि तिथूनच परत येत होता.

म्हणजे नवा सोबती नव्हता. मंगळवारचा बर्फ नव्हता, बुधवारचा नव्हता. तिला वर येऊ द्यायचं नव्हतं ते त्याला वर जायचं नव्हतं म्हणून. मार्लिसच्या जुन्या गाडीला जमत नाही असं एकदा ठरलं, की दोघांनी खाली राहायला कारण मिळत होतं. आणि ते कारण तिच्या नावावर असणार होतं.

मागे कपांचा आवाज झाला. ऑरिन दारात उभा होता.

"सोडलीस ना दोरी," तो म्हणाला.

"सोडली."

"दुसऱ्याच्या शेडमध्ये असं करू नये, मार्लिस."

"दुसऱ्याला असं बनवू नये, ऑरिन." ती उठली नाही. "कडक वाटेवर तीन इंची पळवलीस तू. सबंध मार्च, सबंध एप्रिल. शाळेतलं पोरसुद्धा करणार नाही असलं. परातीत काय बर्फ होता म्हणालास? छातीभर?"

ऑरिननं कप बाकावर ठेवले. "वाटेत बर्फ कमी होता यंदा."

"माझ्या वाटेत नव्हता कमी."

"प्लास्टिक हलकं होतं. हल्ली माल असाच येतो."

"मी आणलेलं प्लास्टिक. माझ्याही गाडीला तेच आहे."

 सॉसेजखालच्या निखाऱ्यांवर चरबी ठिबकून चर्र आवाज आला. मार्लिसला शेवटी गार्नेटचा प्रश्न आठवला आणि तिनं तो जसाच्या तसा टाकला.

"पट्टा एवढा वाईट, तर बदलला का नाहीस?"

ऑरिननं निखाऱ्यांवर एक लाकूड सारलं. मग म्हणाला, "बदलला असता, तर गार्नेटनं तो दुसऱ्या कोणाच्या गाडीला लावला असता."

"मग?"

"मग तो नीट चालला असता."

मार्लिसला समजायला एक क्षण लागला.  गाडी बसली नव्हती.

"गाडी चालू होती," ऑरिन म्हणाला. आवाज अगदी साधा होता, दुकानात भाव सांगावा तसा. "चर वगैरे काही नव्हता. बर्फावर नीट उभी होती. तो कुठे गाडला गेलाय ते मला दिसत होतं, त्याचा हातमोजा वर होता. आणि त्याच्यावर उताराचा दुसरा अर्धा भाग तसाच लटकत होता. फाटलेला, पण पडलेला नाही. मी अंगठ्याला म्हणत होतो, दाब. दाबला जाईना. ते ओरडत होते, जा, जा. मग तोंडातून आलं, बसलीय. एकदा आलं की परत घेता येत नाही."

"त्यांच्यावरही लटकतच होता तो."

"हो. ते आले." त्यानं हात पँटला पुसले. "मंगळवारी जायचो मी. खरंच जायचो, परातीत जायचं म्हणूनच निघायचो. झोपडीपाशी इंजिन बंद करून बसायचो. मग वळायचो."

मार्लिस उठली. तिला राग आला होता, पण रागाला नंतर वेळ होता. आधी एक तपासायचं होतं.

"ऑरिन, मी खाली असले तर?"

"काय?"

"उतार सुटला. बर्फाखाली मी आहे. वर अर्धा लटकतोय. येशील?"

तिनं त्याच्या चेहऱ्यावरून नजर हटवली नाही. "येईन" म्हणाला असता तर ती कॉफी न पिता निघाली असती. ड्रायव्हर असंच म्हणतात, लागतील बाई, का नाही लागणार ब्रेक?

"माहीत नाही," ऑरिन म्हणाला.

 मग तिनं ताडपत्री खाली ओढली आणि कप उचलला. कॉफी निवली होती. तिनं ती तशीच पिऊन टाकली.

"गार्नेटला काय सांगू मी?" तिनं विचारलं.

"तुला सांगायचं ते सांग."

"मी तुझं खोटं पुढे नेणार नाही. तुझ्याविषयी काही बोलणारही नाही. बाकी तुझं तू बघ." दारापाशी ती थांबली. "आणि माझं इंजिन जुनं असलं तरी चांगलं आहे. त्याच्यावर बिल फाडू नकोस."

दुसऱ्या दिवशी दुकानात शिरली तेव्हा गार्नेटनं तीन इंची पट्टा आधीच आकड्यावरून उतरवून काउंटरवर टाकला होता. "मला माहीत होतं तू येणार," तो म्हणाला. "रात्रभर विचार केलास ना? पाती बघ, हात लावून बघ. अशी धार तुमच्या पाव कापायच्या सुरीला नसेल."

मार्लिस पात्यांवरून बोट फिरवत होती तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. ऑरिन आत आला, बुटांवरचा चिखल झाडत राहिला, गरजेपेक्षा जास्त वेळ.

"या, या, परीक्षक आले!" गार्नेट ओरडला. "मार्लिस, कान झाक. आता थडग्याचं प्रवचन सुरू होईल. काय बाबियाक, आज किती फूट चर खणला?"

मार्लिसनं मान वळवली नाही. ती पट्ट्याकडेच बघत राहिली. तो "जरा खिळे घ्यायला आलो होतो" असं म्हणेल, याची तिला जवळजवळ खात्री होती.

"पट्ट्यात काही खोट नाही," ऑरिन म्हणाला.

"काय म्हणालास?"

"मार्चमध्ये गाडी बसली नव्हती. मी गेलो नाही. पट्ट्याचं नाव मी उगाच घेतलं."

गार्नेटच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्यामागचं सगळं निघून गेलं. त्यानं मार्लिसकडे पाहिलं. तिनं काहीच मदत केली नाही. मग तो काउंटरवरचं फडकं उचलून जिथे पुसण्यासारखं काही नव्हतं तिथे पुसायला लागला.

"अल्बर्टाच्या त्या माणसाला ठाऊक आहे?" शेवटी त्यानं विचारलं.

"नंबर मिळवलाय. आज फोन करणार आहे."

करेल का? मार्लिसनं मनात त्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवलं. दुकानात येणं आणि तो फोन, यांत बरंच अंतर होतं.

गार्नेट घसा साफ करून तिच्याकडे वळला. त्याला कुठेतरी वळायचं होतं. "बरं. मग तीन इंची. बांधतो."

"अडीच," मार्लिस म्हणाली.

ऑरिनची मान खाली गेली. गार्नेट वैतागला. "अगं, आता तर तो स्वतः सांगतोय खोट नाही म्हणून!"

"म्हणूनच अडीच. यंदा आम्ही खालच्या झाडीत फिरणार. तिथे डोक्यावर उतार नाही. झाडीत गाडी वळवायला अडीच इंची बरी, हे तूच मला सांगितलंयस."

"आम्ही?" ऑरिननं विचारलं.

"एकटीनं जाऊ नये असं एकानं शिकवलंय मला." तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "खाली बर्फ पडला की पहिल्या रविवारी. आधी बीकनचा सराव. मी बीकन बर्फात पुरेन, तू शोधायचं. मग तू पुरशील. झाडाखाली बर्फ उकरायला तर अंगठा लागत नाही ना?"

"नाही."

"मग ये."

गार्नेटनं अडीच इंची पट्टा खाली काढला. तीन इंची परत टांगायला त्यानं एक टोक शिडीवर नेलं. दुसरं टोक काउंटरवरून घसरून जमिनीकडे जायला लागलं. रबर जाड आणि जड होतं. "अरे, धरा कोणीतरी!" तो ओरडला.

मार्लिस जवळ होती. ती हलली नाही. हात खिशात ठेवून तिनं वाट पाहिली.

ऑरिन दारापासून आला आणि त्यानं टोक खांद्यावर घेतलं. पाती त्याच्या जॅकेटला खरखर घासली.

हा पट्टा होता. डोंगर नव्हता. मार्लिसनं दोन्ही गोष्टी मनात वेगवेगळ्या ठेवल्या.

"तो कोणाला विकू नकोस," ती गार्नेटला म्हणाली.

"किती दिवस?"

तिनं ऑरिनकडे बघितलं. तो पट्टा वर ढकलत होता आणि उत्तर देत नव्हता.

"सांगेन," ती म्हणाली.